बांगड्याला पहिला नंबर

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. गळ्याला हात लावून सांगतो! म्हणजे अगदी शब्द न् शब्द नाही. माणसांची नावं बदललीत, बँडचं नाव बदललंय, आणि एक गोष्ट मी पदरची घातलीय. तेवढी सोडली तर सगळं खरं. ती कुठली तेही सांगेन, पण शेवटी. तोवर चहा घ्या.

तर मी एकदा परीक्षक झालो होतो. हसताय? हसा. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मला रांगोळीचं परीक्षण करायलासुद्धा कुणी बोलवत नाही, कारण मागे एकदा मी सेक्रेटरीच्या सुनेची रांगोळी नीट दिसावी म्हणून जरा जवळ गेलो, तो थेट मोराच्या पिसाऱ्यात उभा राहिलो. पण हे परीक्षण असलं साधंसुधं नव्हतं. हे होतं 'उलटा जिना'चं!

'उलटा जिना' माहीत नाही? नसणारच. रेडिओवर कधी लागले नाहीत. लग्नात एकदाच कुणीतरी बोलावलं, आणि अक्षता पडायच्या आधी थांबवलं. मराठीत रॉक करतात. डोक्यावर केस होते तेव्हापासून करतायत, आता केस गेले तरी करतायत. गळक्या टाकीवर यांचं गाणं, बंद पडलेल्या लिफ्टवर यांचं गाणं. ज्यांना आवडत नाही ते कान झाकून पळतात, आणि ज्यांना आवडतं ते वेडे होतात. त्या वेड्यांत मी सगळ्यात जुना.

माणसं तीनच. गाणारा श्रीरंग, पार्ल्याचा. घरात तूप वाटीनं मोजून वाढतात, आणि बोलतानाही तो तसंच मोजून बोलतो. ड्रम वाजवणारा जिग्नेश शहा, घाटकोपरचा. साकीनाक्याला त्याचा स्टीलच्या डब्यांची झाकणं बनवायचा गाळा आहे. जैन माणूस, कांदासुद्धा खात नाही, पण ड्रमवर बसला की भूकंप. आणि बेस वाजवणारा बाळा परब. बाळा माझा लंगोटीयार. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, आता बोरिवलीला राहतो. याच्या आईच्या हातचं खाऊनच माझं हे पोट असं झालंय.

आता इतकी वर्षं एकत्र वाजवल्यावर माणसाला खाज सुटते. तिघांनी बँडच्या बाजूला आपापलं काहीतरी वेगळंच करून ठेवलं होतं. प्रयोग! ना सूर, ना ठेका, ना कडवं. कुणी काय केलंय ते कुणालाच सांगितलेलं नाही. मला तर रात्रंदिवस तोच किडा. रोज एकाच ताटात जेवणारी ही तीन माणसं गुपचूप एकेकटी काय शिजवत असतील?

आणि मग भांडण झालं. बँडच्या नावानं यंदा यातलं एकच बाहेर काढायचं ठरलं. ज्याचं निघेल त्याचं नाव वर, बाकी दोघांनी तो सांगेल तसं वाजवायचं. कुणाचं काढायचं? श्रीरंग म्हणाला, "अर्थातच माझं." ते 'अर्थातच' बाळाला लागलं.

त्या रात्री बाळाचा फोन.

"दिग्या, या सगळ्या वर्षांत एक तरी गाणं माझ्या नावावर आहे काय रे?"

"नाही."

"सगळ्यांवर श्रीरंगचं नाव. मी मागे उभा. फोटोत पण अर्धा कापलेला असतो. एकदा तरी माझं म्हणून काहीतरी बाहेर येऊ दे ना यार."

"काळजी करू नकोस. परीक्षक कोण आहे?"

"कोण?"

"मी! श्रीरंगनंच सुचवलं. म्हणाला, दिगंबरला संगीतातलं काही कळत नाही, म्हणजे तो निःपक्षपाती असेल."

बाळा म्हणाला, "मेल्या, तू काय करू नको हां. नुसता आयक. कानानं आयक, काय?"

ऐकतो म्हटलं. पण मनात ठरलं होतं. नंबर बाळाचाच. आणि श्रीरंगला तळाला पाठवायचं. 'काही कळत नाही' काय?

अडचण एकच: कुठलं कुणाचं हे मला सांगणार नव्हते. श्रीरंगची बायको मेधा, बँकेत ऑफिसर, तिच्याकडे तिन्ही रेकॉर्डिंग दिलेली. तिनं त्यांना नंबर टाकले. एक, दोन, तीन. नावं फक्त तिला ठाऊक. आणि मेधाच्या चेहऱ्यावरून काही ओळखणं म्हणजे एटीएमच्या चेहऱ्यावरून शिल्लक ओळखणं.

पण मी काय लेचापेचा श्रोता आहे? मी या तिघांना नुसत्या खोकल्यावरून ओळखतो. दोन सेकंदांत सांगेन म्हटलं!

रविवारी दुपारी जिग्नेशच्या गाळ्यात जमलो. मशीन बंद, झाकणांच्या थप्प्या छतापर्यंत, मध्ये दोन मोठे स्पीकर. मी खुर्चीवर, तिघं समोर बाकावर, दहावीच्या निकालाला बसल्यासारखे. जिग्नेशनं खाकऱ्याचा डबा फिरवला. मी उठून उभा राहिलो.

"सुरू करण्याआधी एक सांगतो. परीक्षकाचा निर्णय अंतिम राहील. नंतर रडारड नको."

"मान्य," मेधा म्हणाली. "लक्षात ठेवते मी."

हे वाक्य मी का बोललो? कुणी विचारलं होतं का मला?

नंबर एक. धाड! धाड! खण्ण! पत्र्यावर घण. मध्येच कुणीतरी ढेकर दिल्यासारखं मशीन. मग झाकणांची अख्खी थप्पी कोसळली. माझे दोन दात हलले असतील. पण डोकं शांत. झाकणं कुणाची? गाळा कुणाचा? हाणामारी कोण करतं? जिग्नेश! एक सेकंद लागला मला, एक! बाकावर बघितलं तर जिग्नेश खाली बघून खाकरा खातोय. लाजतोय बिचारा.

नंबर दोन. काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही. मग लांबून एक घुमारा. तंबोऱ्यासारखा, पण तंबोऱ्याहून खोल, विहिरीत तंबोरा लावल्यासारखा. तो थांबेचना. आणि त्यावर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. गात नव्हती. पाढे म्हणत होती! पावकी, निमकी, पाऊणकी. स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखं. बे एके बे नव्हे हो, एकोणतीसचा पाढा!

सांगा आता, कुणाचं असेल हे? पावकी-निमकी कुठल्या घरात म्हणतात? तंबोरा कुणाच्या घरी भिंतीला टेकलेला असतो? बाकावर बघितलं, तर श्रीरंग डोळे मिटून, मान हलवत, स्वतःवरच खूश! पुरावा मिळाला. इतका निवांत झालो की मधेच मला डुलकी लागली. मान छातीवर. मेधानं टेबल वाजवलं तेव्हा दचकून जागा झालो.

नंबर तीन. लाटा! होडीचं इंजिन! आणि मग लिलाव. कोळणींचा असा काही गलका, की गाळ्यात वास आला. "घे गो घे!" बर्फ फोडल्याचा आवाज, टोपल्या आपटल्याचा आवाज, त्याचाच ठेका धरलेला. मागे भोंगा, माहुलकडच्या रिफायनरीतला असावा. खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं मला.

बाळाकडे बघितलं. बाळाच्या डोळ्यांत पाणी! आवंढे गिळत होता सारखा. आता आणखी काय हवं? माझाही ऊर भरून आला.

मेधानं विचारलं, "झालं? बोला परीक्षक."

मी शर्ट नीट केला. माणसाला एक खुर्ची आणि तीन श्रोते मिळाले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

"क्रमांक एक," मी म्हटलं. "प्रामाणिक काम. कष्टकऱ्याच्या मनगटाचा आवाज. या माणसानं आयुष्यभर लोखंड पाहिलंय. दहापैकी सहा."

श्रीरंग सरसावून बसला.

"क्रमांक दोन." इथे मी मुद्दाम थांबलो, पाणी प्यायलो. "हे अत्यंत पांढरपेशं आहे. यात घामाचा थेंब नाही. हा माणूस कधी मासळीबाजारात गेलेला नाही. आम्ही किती शिकलेले, आमच्या घरात कसे पाढे म्हणतात, एवढंच यातून कळतं. संगीताच्या नावानं शाळा भरवलीय. चार! आणि चारही दया म्हणून."

बाळा माझ्याकडे बघत होता. मी त्याला हळूच डोळा मारला.

"आणि क्रमांक तीन! अहो, याला म्हणतात प्रयोग. हे शिकून येत नाही. समुद्राचं मीठ ज्याच्या रक्तात आहे त्यालाच हे जमतं. हा माणूस बांगड्यावर वाढलाय, बांगड्यावर! याच्या पिढ्यान् पिढ्या रापणीची जाळी ओढण्यात गेल्यात. नऊ! पहिला नंबर!"

आणि मी टाळ्या वाजवल्या. एकटाच.

जिग्नेशच्या घशात खाकरा अडकला. खोकून खोकून लाल. मी पाठीवर थाप मारायला गेलो तर तो माझा हात धरून कुजबुजला, "दिगंबरभाई, हळू बोल ना! मम्मीला कळलं मी बांगड्यावर वाढलो तर घरात घेणार नाही ती मला."

"तुझा काय संबंध?"

"अरे, तीन नंबर माझा आहे! महिनाभर माहुलला जात होतो सकाळी. नाकाला रुमाल बांधून. ड्रमच्या बाहेर कुठे ठेका मिळतो ते बघायचं होतं मला. तिथल्या बायका काय मस्त ठेक्यात ओरडतात!"

मला घाम फुटला. श्रीरंगकडे वळलो. "मग ते धाडधाड?"

"माझं," श्रीरंग म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. "इतकी वर्षं गोड गातोय रे. एकदा कशावर तरी जोरात हाणायचं होतं. जिग्नेशकडून झाकणं मागून घेतली, कशाला ते न सांगता. कष्टकऱ्याचं मनगट म्हणालास ना? मेधा, ऐकलंस?"

"ऐकलं. घरी साधा खिळा ठोकत नाही हा," मेधा म्हणाली.

आता हिशेब तुम्हीच करा. एक श्रीरंगचा, तीन जिग्नेशचा. राहिला कोण?

बाकाकडे बघायची माझी हिंमत होईना. बघितलं. बाळा तसाच बसलेला.

"बाळा... तंबोरा?"

"तंबोरा नाय. बेस. जाड तारेवर दोरा घासला हळूहळू. माझाच बेस, दिग्या. तू केव्हापासून ऐकतोस तो."

"आणि त्या बाई?"

"आई."

"कुठली आई?"

"किती आया आहेत माझ्या?" बाळा म्हणाला. "शाळेत मला पाढे येत नव्हते तेव्हा तिनं स्वतः पाठ केले. शेजारच्या मास्तरांकडून. मला म्हणून दाखवायची, झोपताना. अजून येतात तिला. तिच्या हातचं इतकं जेवलास, आणि आवाज नाय ओळखलास?"

कसा ओळखणार हो? ती माऊली माझ्याशी कधी एकोणतीसच्या पाढ्यात बोलली नाही! 'जेव रे झिला, लाजू नको' एवढंच बोलते.

"पण तू तीन नंबरला रडत होतास!"

"रडत नव्हतो. माका भूक लागली होती. ताजे बांगडे, आणि समोर काय, तर खाकरा!"

मी मेधाकडे वळलो. "मेधा, माझी जरा गफलत झाली. मी नंबर परत देतो."

"निर्णय अंतिम," मेधा म्हणाली.

"अहो, पण माणुसकी म्हणून..."

"रडारड नको, असंही कुणीतरी म्हणालं होतं."

श्रीरंग मात्र उठून बाळाच्या शेजारी जाऊन बसला. "डोळे मिटून ऐकत होतो मी," तो म्हणाला. "हा कोण, असं वाटत होतं. जिग्नेश नसणार. मग तूच. इतकी वर्षं तुला मागे उभं केलं ना मी?" बाळानं डबा पुढे केला. श्रीरंगनं खाकरा घेतला.

निर्णय काही बदलला नाही. यंदा जिग्नेशचा मासळीबाजार बाहेर येतोय, 'उलटा जिना'च्या नावानं. वर नाव शहा, आत बांगडे. आणि बाळा? बाळा मागे उभा राहून बेस वाजवतोय, जिग्नेश सांगेल तसा. अजून एक वर्ष मागे. मीच उभं केलं त्याला तिथे. मित्र ना मी!

गाळ्यातून बाहेर पडताना मी त्याच्यामागे पळत गेलो. "बाळा, तुझ्यासाठी म्हणूनच घोळ घातला रे. श्रीरंगचं समजून पाडायला गेलो."

"कळलं ते. डोळा मारलास तेव्हाच कळलं." तो थांबला. "पण ते जाऊ दे. ते बाजूला ठेव. नुसतं ऐकायला कसं वाटलं? खरं सांग."

इतक्या आशेनं विचारत होता! आणि मी म्हटलं, "अरे, मला डुलकी लागली होती."

बाळा चक्क हसला. "झोपलास? मग बरा झाला. मी पण ते पाढे ऐकत झोपायचो. आईला सांगतो, दिग्याला पण झोप लागली. खूश होईल." आणि स्टेशनकडे निघाला, बेस पाठीला लावून, शीळ घालत.

झालं. आता मी पदरची घातलेली गोष्ट. ती डुलकी.

डुलकीबिलकी काही लागली नव्हती हो. टक्क जागा होतो. त्या बाईंचा आवाज सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला, तो एकोणतीसचा पाढा संपेपर्यंत गेला नाही. मान खाली घातली ती कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून. तिन्हीत तेच मला सगळ्यात जास्त आवडलं. पण श्रीरंगचं आहे म्हणून चार दिले.

आता हे बाळाला सांगण्यापेक्षा झोपलो होतो म्हणणं बरं नाही का?