चढाचं गाव

ऋतुजा हाके सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका टूर ऑफिसात अकरा वर्षं कामाला होती. परदेशाचं टेबल तिच्याकडं. स्वतः ती देशाबाहेर कधी गेली नव्हती, पण कुठल्या गावात ट्राम हॉटेलच्या दारातून सुटते, कुठल्या हॉटेलात सांगून ठेवलं तर वरण-भात मिळतो, हे तिला तोंडपाठ होतं. गिऱ्हाइकं परत आली की ती त्यांना चहा पाजायची आणि खोदून खोदून विचारायची. पायऱ्या किती होत्या? वयस्कर माणसं कुठं दमली? लोकांना वाटायचं, पोरगी आपुलकीनं विचारते. ते खरंही होतं. मालक अजिंक्य तिच्या शब्दावर डोळे झाकून बुकिंग करायचा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, भर दुपारी, एक सत्तरीचं जोडपं आत आलं. पुढं गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मागं बाई, हातात पाण्याची बाटली.

"युरोपचं कोण बघतंय इथं?"

तो आवाज ऐकला आणि ऋतुजाच्या हातातलं पेन थांबलं. वीस वर्षांपूर्वी तिनं तो आवाज एसटीत ऐकला होता.

तेव्हा ती ऋतुजा येडू बंडगर होती, मंगळवेढ्याकडच्या एका कोरडवाहू गावातल्या शाळेत नववीला. बाप येडू मेंढरं घेऊन वर्षातले सहा-सात महिने बाहेर फिरायचा, आईही त्याच्याबरोबर. पोरगी शाळेसाठी मावशीकडं राहायची. तिनं सलाईनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून, धुऊन, उलट्या टांगून डाळिंबाच्या रोपांना थेंब थेंब पाणी देणारं मॉडेल केलं. तालुक्यात पहिलं आलं, जिल्ह्यात पहिलं आलं, आणि मग दिल्लीच्या प्रदर्शनाचं पत्र आलं. ही बातमी येडूला कळली तेव्हा तो भीमेच्या पलीकडं होता. कळप भावाच्या हवाली करून तो तीन मुक्काम चालत आला, पोरीला एसटीत बसवून द्यायला.

ऋतुजा खिडकीशी बसली होती, मांडीवर सकाळी शाळेतून घेतलेलं, दोरीनं बांधलेलं मॉडेलचं खोकं. हेडमास्तर चन्नप्पा सर गाडीत चढले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बंडगर, खाली उतर."

"का सर?"

"यादीत बदल झालाय."

तिच्या मांडीवरचं खोकं त्यांनी उचललं आणि स्वतःच्या मुलाच्या, आठवीतल्या बसवेशच्या मांडीवर ठेवलं. ती उतरली. येडूनं डोक्यावरचा फेटा सावरत विचारलं, "सर, पोरीचं काय चुकलं का?"

"चुकलं काही नाही, येडू. पण दिल्लीला जाऊन ही करणार काय? उद्या मेंढरांमागंच जायचं ना हिला?"

गाडीतली दोन-चार पोरं हसली. गाडी गेली. येडू पोरीला घेऊन वळला. तिला मावशीच्या दारापर्यंत सोडलं आणि आला तसा चालत कळपाकडं निघून गेला. ऋतुजानं त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघितली. दहावीला तिनं ती शाळा सोडली, सोलापुरात हॉस्टेलवर राहिली, शिकली, नोकरीला लागली, लग्न केलं. पण तो दिवस विसरायचा प्रयत्न तिनं कधी केला नाही. उलट मधूनमधून मुद्दाम आठवून बघायची, सगळं नीट जागेवर आहे ना म्हणून.

आता तोच माणूस तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं.

"आमचा बसवेश पुण्याला मोठ्या कंपनीत आहे," सर म्हणाले. "लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून आम्हाला युरोप दाखवतोय. म्हटला, एकच शहर घ्या, आठवडाभर निवांत राहा. दोन नावं काढलीत. व्हिएन्ना किंवा लिस्बन."

"तुम्हाला कुठलं आवडतंय, काकू?" ऋतुजानं बाईंना विचारलं.

मल्लव्वा काकू दुधनीच्या. मराठी बोलताना अजून कानडी हेल होता. "मला समुद्र बघायचाय बाई. एवढ्या जन्मात एकदा पण बघितला नाही."

"समुद्र काय बघायचा? पाणीच ते," सर म्हणाले. "मला शिस्तीचं गाव पाहिजे. स्वच्छ, सपाट. गुडघे कुरकुरतात माझे. डॉक्टरनं जिने चढू नका म्हणून सांगितलंय."

ऋतुजासमोर उत्तर स्पष्ट होतं. व्हिएन्ना. रुंद फुटपाथ, दर चौकात बाकं, ट्राममध्ये चढायला पायरीसुद्धा नाही. गुडघेवाल्या माणसाला तिनं दुसरं काही सुचवलंच नसतं. तिनं व्हिएन्नाचं माहितीपत्रक काढलं, त्यांच्याकडं सरकवलं, आणि हॉटेलचं नाव सांगणार एवढ्यात सर म्हणाले,

"बसवेश लहानपणापासूनच हुशार. आठवीत दिल्लीला गेला होता. ठिबकचं मॉडेल केलं होतं त्यानं, सलाईनच्या बाटल्यांचं. पेपरात फोटो आला होता."

काकू बाटलीचं झाकण फिरवत राहिल्या.

ऋतुजानं व्हिएन्नाचं पत्रक हळूच परत ओढलं.

"सर, खरं सांगू? व्हिएन्ना चांगलं आहे, पण तिथं सगळेच जातात. तुमच्यासारख्या माणसाला लिस्बन. जुनं गाव, दर्यावर्दी लोकांचं. तिथून जहाजं निघाली ती थेट आपल्या किनाऱ्याला लागली. तुम्ही भूगोल शिकवलाय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोलण्यावरून कळतं सर."

सर खुलले. तरी त्यांनी विचारलं, "पण सपाट आहे ना?"

"समुद्राजवळचं गाव आहे, सर."

"मग झालं तर. समुद्राजवळ कसला आलाय चढ?" भूगोलाच्या मास्तरांनी स्वतःच निकाल दिला. काकूंचा चेहरा उजळला.

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय, असं तिथून आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक ऋतुजाला सांगायचं. गुळगुळीत दगडांचे रस्ते, एका गल्लीतून दुसरीत जायचं तर पन्नास पायऱ्या. ती तेवढ्यावर थांबली नाही. खालच्या सपाट भागात लिफ्टचं हॉटेल मिळत होतं. तिनं सगळ्यात जुन्या वस्तीतलं, टेकडीच्या चढावरचं घर निवडलं. चौथा मजला, लिफ्ट नाही. कागदावर लिहिलं, "खिडकीतून विशाल देखावा". सरांनी सही केली. त्या दिवशी घरी जाताना ऋतुजानं पावशेर पेढे घेतले. नवऱ्यानं विचारलं, कशाचे? ती म्हणाली, असेच.

मे महिन्यात ते गेले. दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला ऑफिसात फोन आला. सरांना धाप लागली होती.

"मॅडम, इथं पायऱ्याच पायऱ्या आहेत! काल वर चढलो तेव्हापासून गुडघा सुजलाय. मी खोलीतून हललेलो नाही. हॉटेल बदलून द्या."

"सीझन आहे सर. कुठंच जागा नाही." ती खोटं बोलली. जागा होती.

"मग मी आठ दिवस करू काय?"

"खिडकीत बसा सर. देखावा चांगला आहे."

फोन ठेवल्यावर तिला छातीत इतकं हलकं वाटलं की ती उठून दोन मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिली. आता त्याला कळेल, ती मनात म्हणत होती. दुसरे जातात आणि आपण मागं राहतो म्हणजे काय, ते आता बसून कळू दे. तिनं रोज तीनची वाट बघितली. रोज फोन आला. बर्फ कुठं मिळेल, डॉक्टर कुठं मिळेल, परतीचं तिकीट अलीकडं घेता येईल का. डॉक्टरचा नंबर तिनं दिला. तिकिटाचं "बघते" म्हणाली आणि बघितलं नाही.

चौथ्या दिवशीही मागं काकूंचा आवाज नव्हता. ऋतुजानं विचारलं.

"ती गेली," सर चिडून म्हणाले. "खाली किराणा दुकानात एक गुजराती बाई आहे. तिच्याबरोबर रोज रेल्वेनं समुद्रावर जाते. मला डबा ठेवून जाते."

ऋतुजाला हसू आवरेना. आपण दोन कामं एका फटक्यात केली असं तिला वाटलं. ज्या बाईनं जन्मभर नवऱ्याच्या मागं बाटली धरली, तिला समुद्र मिळाला, आणि नवऱ्याला खिडकी.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सर काठी टेकत ऑफिसात आले, मागं काकू. तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती.

"कुठाय ती बाई? फसवलं मला! सगळं माहीत असून चढावर नेऊन टाकलं!"

अजिंक्य केबिनमधून धावत आला. ऋतुजा उभी राहिली. ती वीस वर्षं या घटकेसाठी वाक्यं घोकत होती, पण तोंडातून आलं ते साधंच.

"व्हय सर. मुद्दाम केलं. मी येडू बंडगरची ऋतुजा. गाडीतून उतरवलं होतं तुम्ही मला."

सरांची काठी जमिनीवर आपटली ती तशीच राहिली. त्यांना आठवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं.

"अगं, ते... त्या वेळी वरून सांगितलं होतं..."

"कुणी सांगितलं?"

सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"सर, एकदाच सांगा. यांच्यासमोर. ते मॉडेल कुणाचं होतं?"

सर अजिंक्यकडं वळले. "तुमच्याकडं असली माणसं ठेवता तुम्ही? मी तक्रार करणार आहे."

तेव्हा मागून काकू बोलल्या. समुद्रावर त्यांचा चेहरा रापला होता.

"हिचंच होतं. एकेका बाटलीवर हिचं नाव लिहिलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी शाळेतून खोकं घरी आणलं यांनी. मी सुरीनं खरडून नावं काढली. सगळी. यांनी सांगितलं, मी काढली. सकाळी खोकं होतं तसं बांधून शाळेत परत ठेवलं."

सर "चल" म्हणाले आणि काठी टेकत निघाले. काकू क्षणभर थांबल्या. ऋतुजानं त्यांच्याकडं बघितलं नाही. तिला त्या बाईचे हात दिसत होते, आणि त्या हातांना आपण आठ दिवस वाळूत खेळायला पाठवलं, हेही.

अजिंक्यनं संध्याकाळी तिला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं दुःख खरं आहे, ऋतुजा. पण माणूस आपल्या भरवशावर परक्या देशात जातो. उद्या तो तिथं पडला असता तर?"

"तेही माझ्या मनात येऊन गेलं होतं," ती म्हणाली. "तरी मी पाठवलं."

तिनं तिथल्या तिथं राजीनामा लिहून दिला.

त्या रविवारी ती बापाकडं गेली. येडू आता थकलाय, मेंढरं भावाची पोरं बघतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं. परदेशातलं ते गाव त्याला नीट कळलं नाही. चौथा मजला मात्र कळला.

"म्हंजी त्यानं तुला उतरवलं, आन् तू त्याला चढवलंस," तो म्हणाला आणि दात नसलेल्या तोंडानं कितीतरी वेळ हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "लई दिस धरून ठिवलंस गं पोरी."

"तुमी इसरला व्हता का?"

"न्हाय," येडू म्हणाला.

ऋतुजा सध्या दुसऱ्या एका टूर ऑफिसात आहे, विमानतिकिटांच्या टेबलावर. गुडघ्यांचं विचारल्याशिवाय ती कुणाला गाव सुचवत नाही. पश्चात्ताप झाला का, असं तिच्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, सरांबद्दल नाही. हिशेब चुकला तो बाईचा.

दिवाळीच्या आधी तिला एक फोन आला. पलीकडं कानडी हेल होता. "बाई, मी मल्लव्वा. दहा मिनिटं भेटायला येऊ का? बोलायचं होतं."

"नको," ऋतुजा म्हणाली. फोन ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला बसायला सांगितलं.