विचारायचं राहून गेलेलं

लालबागला डॉक्टर शरच्चंद्र राजाध्यक्षांच्या दवाखान्यात कालिंदी तोडणकर तेवीस वर्षं काम करत होत्या. नवरा गेल्यावर डॉक्टरांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. नंबर द्यायचे, केसपेपर काढायचे, गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या. संध्याकाळी सत्तर-ऐंशी माणसं असायची. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, पण ऐकून घ्यायला सवड नव्हती. कुणी दुखण्याचं पाल्हाळ लावलं की ते म्हणायचे, "डॉक्टर तुम्ही की मी?" माणूस ओशाळून गप्प व्हायचा.

गुडघ्यांनी दगा दिला तसे डॉक्टर घरी बसले आणि त्यांची मुलगी अनुजा दवाखाना बघू लागली. तिने पेशंटची खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून आपल्या शेजारी आणली. एकेकाशी पंधरा-पंधरा मिनिटं बोलायची. बाहेर लोक कुरकुरायचे आणि बोलणी खायच्या कालिंदीबाई.

"अगं, अशाने लोक दुसरीकडे जातील," एकदा त्यांनी न राहवून सांगितलं.

"महिनाभर बघू या ना, मावशी."

त्याच महिन्यात रघू परब आले. एके काळचे गिरणी कामगार, बारा वर्षं इन्सुलिन घेणारे. साखर कधी तीनशेवर, तर कधी इतकी उतरायची की चाळीच्या जिन्यात घेरी येऊन पडायचे. पथ्य पाळत नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना कितीदा तरी फैलावर घेतलं होतं. बायकोने, शेवंतीने, घरात तांदळाचे घावणेसुद्धा करायचे बंद केले होते.

अनुजाने पथ्याचं काही विचारलंच नाही. रिकामी सिरिंज आणि साध्या पाण्याची बाटली पुढे ठेवून ती म्हणाली, "काका, घरी कशी भरता ते दाखवा बरं."

रघूकाकांनी सिरिंज डोळ्यांजवळ नेली, उजेडात धरली, मग बाटलीत सुई घालून नुसताच दट्ट्या ओढून थांबले. सोळा युनिटच्या जागी सव्वीस भरलं होतं.

"अंदाजान घेतंय," ते हळूच म्हणाले. "आकडे माका दिसनत नाय. सांगूक लाज वाटली."

दारात उभ्या असलेल्या कालिंदीबाईंनी ते ऐकलं. नंबरचं कार्ड रघूकाका नेहमी दुसऱ्याकडून वाचून घेतात, हे त्या दोन वर्षं बघत होत्या. डॉक्टरांच्या कामात आपण कशाला बोला, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. सगळे गेल्यावर त्यांनी ते अनुजाला सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

अनुजा म्हणाली, "तुम्हाला कधी कुणी विचारलंच नाही, मावशी. आता मी विचारते. अजून कुणाचं काय काय बघितलंय तुम्ही?"

त्या दिवशी दोघी तासभर बोलत बसल्या. रघूकाकांना एकेका युनिटला टक् वाजणारं इन्सुलिनचं पेन मिळालं. टक् टक् मोजायचं काम शेवंतीने घेतलं. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं. साखर ताळ्यावर आली, तशी शेवंती डबा घेऊन दवाखान्यात आली. आत घावणे होते. "बारा वर्षां मी ह्येंका उगाच बोल लावलंय," म्हणाली आणि डबा कालिंदीबाईंच्या हातात देऊन रडली.

आता आत जाण्याआधी म्हाताऱ्या पेशंटशी कालिंदीबाई बोलतात. गोळ्या कोण काढून देतं, झोप लागते का, भीती कसली वाटते. नंबरांच्या वेळा ठरवून देतात, त्यामुळे ताटकळणंही कमी झालंय.

गेल्या मंगळवारी काठी टेकत डॉक्टर स्वतः आले आणि बाकावर बसले. कालिंदीबाई गडबडून उठल्या.

"बस, बस. मी पेशंट आहे," ते म्हणाले. "काय विचारतेस ते विचार."

त्यांनी चाचरत विचारलं, "डॉक्टरसाहेब, घरी सांगितलं नाही असं काही होतंय का?"

डॉक्टरांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "सकाळी उठलो की तोल जातो. दोनदा पडलोय. अनुजाला कळू दिलं नाही." पुढे म्हणाले, "रघू परबला मी फार ओरडायचो, नाही?"

"तुमच्यामुळेच माझं घर उभं राहिलं, साहेब," कालिंदीबाई म्हणाल्या. तेवीस वर्षं ते तोंडावर सांगायचं राहिलं होतं. मग त्यांनी डॉक्टरांचा हात धरला आणि त्यांना सांभाळून आत, अनुजाकडे नेलं.