पट्ट्यांपाशी थांबलेली गाडी

रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी कोणी पांढऱ्या पट्ट्यांपाशी गाडी थांबवली, तर त्याच्या मागे उभे राहून तुम्ही काय करता? हॉर्नच मारता ना?

माझा चुलतभाऊ चीनमध्ये डॉक्टरकी शिकला. तिथे त्याला मोटारसायकल चालवायची होती. आपलं लायसन तिथे चालत नाही, आंतरराष्ट्रीयसुद्धा नाही. त्यांचंच काढावं लागतं, लेखी परीक्षा देऊन. इथलं लायसन दादाला एजंटाने घरपोच आणून दिलं होतं, त्यामुळे तो निर्धास्त गेला आणि नापास झाला. पट्ट्यांवर माणूस दिसल्यास काय कराल, या प्रश्नाला त्याने अगदी प्रामाणिक उत्तर निवडलं होतं: हॉर्न वाजवून पुढे जाईन. मग त्याने नियम घोकले, पास झाला, आणि माणूस दिसला की थांबायची सवय त्याच्या हातापायांत मुरली. तिथले लोक काही संत नव्हेत, असं तो सांगायचा. पण चौकात कॅमेरा असतो आणि तो कुणाचाच मेहुणा नसतो.

डिग्री घेऊन तो खामगावजवळच्या आमच्या गावी, उंद्रीला परतला. आमच्याकडे हेल्मेट कोपरात अडकवतात आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढवतात. दादा ते वावरात जातानाही घालायचा. गावाने त्याचं नाव 'चायना' पाडलं. पारावरची पोरं विचारायची, "डॉक्टर, वावरात सिग्नल लागते का हो?" तो हसायचा. मला राग यायचा, त्याच्या हसण्याचासुद्धा.

त्या दिवशी खामगावला मी त्याच्या मागे बसलो होतो. बाजाराच्या चौकात एक म्हातारी पिशवी घेऊन पट्ट्यांवर उतरली. दादा थांबला. तीही थांबली. तिच्यासाठी आजवर कोणी गाडी थांबवली नसावी. तिने हात हलवला.

"जाय बापू, तू जाय."

"तुमी जा, आजी. मी थांबलो ना."

"नाही बापा, जाय तू. मले काय घाई हाय?"

मागून कोणीतरी ओरडलं, "काय बे, पेट्रोल सरलं का?" दुसरा म्हणाला, "सासू हाय वाटते त्याची."

दादा पुन्हा हाताने तिला 'या' म्हणत होता, तेवढ्यात हॉर्न देत कडेने घुसलेल्या पिकअपने आम्हाला उडवलं. मी दुभाजकावर पडलो. दादाचा उजवा पाय चाकाखाली गेला. म्हातारी तिथेच उभी होती, हात अजून वर.

दवाखान्यात हवालदाराने मला विचारलं, "मधातच थांबले काऊन?"

"आजी पार होत होत्या."

"मंग हारन मारायचा ना."

पाय गुडघ्याखाली कापला. काका बाहेरच्या बाकावर येईल त्याला सांगत होते, "डॉक्टर व्हायले पाठोला होता. थांबाले शिकून आला." पिकअपवाल्याला कोणी शिवीही दिली नाही. समोरचा थांबेल हे त्याला काय माहीत, असं म्हणून सगळे त्याला समजून घेत होते.

परदेशी डिग्रीवाल्यांना इथे पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तिच्या शिकवणीला जाताना दादा आता कुबडी घेऊन त्याच चौकात उभा असतो. कोणी थांबत नाही. तरी तो पट्टे सोडून मधेच घुसत नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "घुस ना बे दादा."

तो म्हणाला, "मंग माहा पाय कायच्यासाठी गेला?"

तुमची गाडी त्या चौकात आली तर थांबवा. आणि कधी कोणी तुमच्यासाठी थांबलं, तर हात हलवून त्याला पुढे धाडू नका. मुकाट्याने रस्ता ओलांडा.