नाक मोकळं करणारी गोळी

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. डॉक्टरकीशी त्याचा संबंध एवढाच, की औषधांच्या दुकानात बावीस वर्षं तो काउंटरमागे उभा होता. गिऱ्हाईक शिंकलं, की याचा हात खणात गेलाच म्हणून समजा. सर्दी आपली आपण बरी होते, गोळीनं नाक तेवढं चार तास मोकळं राहतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तसं सांगितलं तर डॉक्टर कोण म्हणणार? एक प्रश्न मात्र तो न चुकता विचारी: बीपी आहे का? असेल तर ती गोळी द्यायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही कटकट करो.

घरी ताई होती. आई गेल्यावर तिनंच याला लहानाचं मोठं केलं. त्यात तिचं लग्नबिग्न राहूनच गेलं. ती पाळणाघरात मुलं सांभाळायची. तिथं शिंकणाऱ्या बाईला दारात उभं करत नसत, म्हणून सर्दी झाली तशी ती याच्यामागे लागली. तिला बीपी आहे हे याला माहीत नव्हतं थोडंच! दर महिन्याला तिच्या गोळ्या हाच तर आणायचा. पण घरच्या माणसाला कसले प्रश्न विचारायचे? धडधाकट तर आहेस, म्हणाला आणि पाकीट तिच्या हातावर ठेवलं. दिवसाला दोन घे, असं वर बजावलं. नाक मोकळं झालं, ताई खूश. चौथ्या दिवशी भांडी घासता घासता ती ओट्याशीच कोसळली.

मेंदूत रक्तस्राव झालाय, इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. बीपी होतंच, या गोळीनं ते आणखी चढलं असणार. ताईच्या पर्समधलं अर्धं पाकीट त्यांनी पुढे धरलं.

"ही कुणी दिली?"

दुकान, मालक, गल्लीतला मान, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"काय माहीत," तो म्हणाला. "तिनंच कुठूनतरी घेतली असेल."

मेल्याची जीभ कशी झडली नाही!

डॉक्टर ताईकडे वळले. तुम्हीच आणली होती का, त्यांनी हळू विचारलं. तिला सगळं ऐकू येत होतं, कळतही होतं. तिनं भावाकडे बराच वेळ पाहिलं. मग डावा हात कसाबसा उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मान हलवली.

डॉक्टरांनी तसंच कागदावर लिहिलं, आणि त्यानं लिहू दिलं.