सनोबरआपांच्या हातचं डाळिंब

नुराता गावच्या त्या गल्लीत लग्नाचा सुझानी, म्हणजे भिंतभर भरतकामाचा पडदा, एकटी बाई भरत नाही. पट्ट्या कच्च्या जोडून नक्षी काढायची, मग उसवून नात्यातल्या-शेजारच्या बायकांनी एकेक घरी न्यायची. पुन्हा जोडताना नक्षीतलं अर्धं डाळिंब बोटभर वर सरकतं आणि त्यावरून कुणाचं तरी नाक वर्षभर वाकडं राहतं.

नातीचं, निगिनाचं लग्न ठरलं तेव्हा सनोबरआपांनीही पट्टी मागितली. पोरवयात त्यांच्या हाताचं नाव होतं. पुढं जन्म गेला बालवाडीच्या स्वयंपाकघरात सूप ढवळण्यात. सुई उरली ती बटणापुरती. “हात विसरत नसतो,” असं त्या सांगत सुटल्या. कुणी विचारलं नव्हतं.

हात विसरला होता. वर थरथरतही होता. पहिलं डाळिंब वांग्याच्या वळणावर गेलं. पण नवल असं, की रोज गाठोडं उघडलं की आदल्या दिवशीचं काम जरा बरं दिसायचं. डोळेच थकले असतील, काल उगाच वाईट वाटलं, असं म्हणत आपा ताठ बसू लागल्या. शेजारच्या राहबरची पट्टी हातात घेऊन म्हणाल्या, “झोपेत भरलीस काय गं?”

“भरते कशीबशी. तुमच्याइतकी जवान नाही मी, आपा.”

आपा आठवडाभर त्या वाक्यावर जगल्या.

मग एका दुपारी अंगणातल्या बाजेवर त्यांनी पट्टी उन्हात धरली. आपा डावखुऱ्या. त्यांचा टाका डावीकडे कलायचा, त्यापायी लहानपणी मारही खाल्लेला. पट्टीवरचे जवळजवळ सगळे टाके उजवीकडे कललेले होते.

सून मोहिचेहरा चहा घेऊन आली.

“कधी उसवतेस?”

सुनेनं किटली खाली ठेवली. “तुम्ही संध्याकाळी बहिणीकडं जाता तेव्हा. किती खुशीत होता, आई. मला वाटलं…”

“माझं काहीच ठेवलं नाहीस?”

“एक पान आहे.”

“ते बरं झालंय?”

“ते कालचं आहे, आई. काल तुम्ही घरीच होता.”

चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी जोडणीला बायका जमल्या. “आपा, हात अजून तोच हं,” असं जी ती म्हणाली. आपांनी मान हलवली. सुनेला खोटं पाडून करायचं काय?

शेवटी राहबर म्हणाली, “कोपरा कुणी रिकामा ठेवलाय का? सगळं पुरं झालं तर घरातली लग्नं संपायची.”

कुणीच ठेवला नव्हता. जिनं तिनं आपली पट्टी हौसेनं गच्च भरलेली.

“माझं एक पान उसवते,” आपा म्हणाल्या. “तेवढं मला जमेल.”

बायका हसल्या. मोहिचेहरानं मान खाली घातली. आपांनी कात्रीचं टोक डावीकडे कललेल्या टाक्याखाली घातलं आणि एकेक धागा ओढून काढला. हात जराही थरथरला नाही.