दवाखान्याची तालीम

आमच्या शिंपीमास्तरांच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी तालीम चालते. नाटकाची नव्हे, दवाखान्याची. ती घेते बिजली. बिजली तृतीयपंथी, एका आरोग्य संस्थेत काम करते. त्या संस्थेचे हिशेब मी पाहतो, म्हणून ओळख. तिचं म्हणणं साधं आहे. "आपल्या लोकांना आजारापेक्षा दवाखान्याची धास्ती जास्त. उत्तरं आधीच तोंडात बसली पाहिजेत."

मास्तर ज्याला हवे ते कपडे काही न विचारता शिवून देतात, त्यामुळे तिची मंडळी तिथेच जमते. गळ्यात मापाची टेप अडकवून बिजली डॉक्टरीणबाई होते. रक्तदाब, साखर, छातीतली गाठ, सगळं समजावते आणि मध्येच केसपेपरच्या खिडकीवरची खेकसणारी बाई होऊन सगळ्यांना हसवते.

मास्तर मात्र मशीनमागून हलत नसत. त्यांच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती, तहानही सारखी लागे. तरुणपणापासून त्यांच्याबरोबर राहणारे आचारी काळजीने अर्धे झाले होते.

"मास्तर, आज तुमचा नंबर," बिजलीने फर्मान सोडलं. "घरी कोण असतं?"

"भाडेकरू."

कोपऱ्यात मटार सोलणारे आचारी म्हणाले, "अस्सं? मग भाडं कधी घेतलंत?"

सगळे खो खो हसले. मास्तरांचे कान लाल झाले.

"नापास!" बिजली म्हणाली. "सोमवारी खरी परीक्षा. पाय गेला तर मशीन काय जिभेने चालवणार?"

सोमवारी तिने मलाही दवाखान्यात नेलं. चष्मेवाला पोक्त माणूस बरोबर असला की खिडकीवरची बाई नीट बोलते म्हणे. मास्तर आत गेले, बिजली औषधांच्या रांगेत जागा धरायला गेली, आचारी आणि मी बाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं.

"वेळेवर आलात, पाय वाचेल," डॉक्टर म्हणाले. "पण साखर फार वाढलीय. घरी कोण असतं?"

आचाऱ्यांनी माझा हात घट्ट धरला. आत मास्तर दोनदा खाकरले.

"आमचे... घरचे आहेत. बाहेर बसलेत."

"स्वयंपाक कोण करतं?"

"तेच."

"मग त्यांना आत बोलवा की! पथ्य तुम्हाला सांगून काय उपयोग?"

आचारी असे उठले की माझा चष्माच पडला.

परतताना त्यांनी जाहीर केलं, "आजपासून चहा बिनसाखरेचा."

"भाडेकरूचा एवढा रुबाब?" मास्तर म्हणाले आणि लंगडतच, पण त्यांचा हात धरून चालू लागले.

हल्ली तालमीत खिडकीवरची बाई मास्तरच होतात. बिजलीपेक्षा झकास खेकसतात. पण हे तिला सांगणार कोण?