स्वल्प थांबा

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान, आमचे अण्णा, हे बंगळुरातले एकमेव दंतवैद्य असतील ज्यांच्यापुढे माणसांपेक्षा राऊटर जास्त विश्वासाने तोंड उघडतात. त्यांच्या हातून आजवर एकही राऊटर बिघडलेला नाही. जो एक बिघडला तो माझ्या हातून, आणि ही गोष्ट मी त्यांच्यापासून लपवून ठेवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी अण्णांचं कौतुक करत सुटलो की ते केवळ अपराधीपणातून आलंय असं कुणाला वाटू नये.

अण्णा मूळचे निपाणीचे, दवाखाना बसवनगुडीत. राऊटर जुना झाला, कंपनीने त्याच्याकडे बघणं सोडलं, की लोक तो टाकून द्यायला निघतात, आणि अण्णा मध्ये येतात. "दात किडला म्हणून माणूस फेकता काय?" ताईंची तक्रार अशी की दाढ धरून आलेल्या माणसाला हे आधी घरच्या राऊटरचं मॉडेल विचारतात. राऊटर चालू केला की सगळ्यात आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवणारा जो चिमुकला प्रोग्रॅम, तो बूटलोडर. कंपनीचा बूटलोडर कंपनीशिवाय कुणाचं ऐकत नाही. म्हणून अण्णा दुपारी दवाखान्याचं दार ओढून घेतात, स्वतःचा बूटलोडर बांधतात आणि भिंगाचा चष्मा चढवून तो चिपवर उतरवतात. "वरचं सॉफ्टवेअर म्हणजे कॅप. बूटलोडर म्हणजे मूळ. मूळ आपलं असलं की कॅप हवी ती बसवा की." दातांचा चिमटा आणि राऊटरचा चिमटा वेगळे आहेत असं ते सांगतात, मी खात्री करून घेतलेली नाही. काम सुरू करण्याआधी चिपवरचं सगळं ते जसंच्या तसं उतरवून ठेवतात, कारण प्रत्येक राऊटरची वायफायची जुळवणी कारखान्यातच त्याच्यापुरती केलेली असते. "दुसऱ्याची कवळी बसते काय कुणाला?" इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या ऑफिसात बूटलोडर हा शब्द रोज तोंडात असणारे पुष्कळ आहेत, स्वतः बांधून शेजारपाजारच्या राऊटरवर चढवणारा मला एकच ठाऊक आहे, आणि तो माझा साडू आहे, हे मी लिफ्टमध्येसुद्धा लोकांना सांगतो.

अण्णांचा लाडका शब्द 'स्वल्प'. इथल्या कन्नडमधला हा शब्द रिक्षात, दुकानात सगळीकडे ऐकू येतो, पण अण्णांच्या तोंडी तो वाटेल तेवढा ताणला जातो. "स्वल्प दुखेल" म्हणाले की खुर्चीचे हात घट्ट धरावेत. "स्वल्प बसा, जेवून जा" म्हणाले की संध्याकाळचा चहाही तिथेच होतो. मी पुण्याचा. माझ्या लेखी स्वल्प म्हणजे स्वल्पविरामातलं स्वल्प: बाईंनी शाळेत शिकवल्याप्रमाणे मनात एक म्हणायचं आणि पुढे वाचायचं.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक अक्का राहतात. परदेशातली नात त्यांना ज्या राऊटरमुळे दिसते, तो त्या दिवशी अण्णांच्या टेबलावर होता आणि मी शेजारी बसलो होतो. तेवढ्यात पेशंट आला. "चिपवर लिहायला लागलंय. स्वल्प थांबा आणि मग प्लग काढून परत लावा," असं म्हणून अण्णा आत गेले. मी एक म्हणालो आणि प्लग काढला. परत लावला तेव्हा एकही दिवा लागला नाही.

अण्णांनी बाहेर येऊन बघितलं. "मध्ये वीज गेली काय?"

"नाही, अण्णा."

वीज गेली नव्हती, हे शब्दशः खरं होतं.

त्यांनी चिमटा लावून चिप वाचली तर ती अर्धीच लिहिलेली. मग जपून ठेवलेली जुनी प्रत चढवून त्यांनी राऊटर शुद्धीवर आणला, अक्कांना नेऊन दिला आणि म्हणाले, "खोट माझ्याच बिल्डमध्ये आहे, मी बांधलेल्या बूटलोडरमध्ये. ती सापडेपर्यंत कुणाच्या राऊटरला हात लावायचा नाही." चामराजपेटहून कुणी पिशवीत राऊटर घेऊन आला तर त्याला परत पाठवू लागले. दुपारभर दार ओढून नसलेली चूक शोधत बसू लागले. ताई मला म्हणाल्या, "हल्ली हे नुसतं दातांबद्दल बोलतात. बरं वाटत नाही हो बघायला."

शेवटी माझीच दाढ दुखायला लागली. अण्णांच्या खुर्चीत मी आ करून पडलेलो, गालात कापूस, आणि ते वरून बोलत होते. "खोट काही सापडली नाही बघा. पण शोधता शोधता एक सोय केली. आता जुन्या मुळाला हात न लावता नवीन शेजारी लिहितो. पुरतं लिहून झालं तरच कारभार त्याच्याकडे. समजा, मध्येच कुणी प्लग काढला, तरी अक्कांना नात दिसणार." मग म्हणाले, "कोण काढतंय म्हणा. पण माणूस आहे. काढतोसुद्धा."

भिंगामागचे त्यांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते आणि त्यांत राग कुठेच नव्हता. त्यांनी कापूस काढला. "चूळ भरा. स्वल्प थांबा, मग बोला."

मी चूळ भरली, पण थांबलो नाही. म्हणालो, "अण्णा, तुमच्या बिल्डमध्ये खोट नव्हती. प्लग मी काढला. विचारलंत तेव्हा वीज गेली नाही एवढंच सांगितलं. चुकलं माझं. मला माफ करा."